फ्रेमचे पैसे कोण देतो?

जळगावात किंवा धुळ्यात कॉलेजच्या आसपासच्या एखाद्या पूल पार्लरमध्ये संध्याकाळी डोकावून बघा. टेबलावर हमखास एट-बॉल चाललेला असतो. पंधरा चेंडूंचा त्रिकोण, एकाचे ‘छोटे’, दुसऱ्याचे ‘बडे’, आपापले सात संपले की काळा, आणि हरेल त्याने टेबलाचे पैसे द्यायचे. बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या पोराच्या मोबाइलवर मात्र फिलिपिन्सच्या किंवा तैवानच्या कुणा खेळाडूचा सामना चालू असतो, आणि तो असतो नाइन-बॉलचा. खेळायचा एक, बघायचा दुसरा. क्रिकेटचं असं नाही. टेनिसच्या चेंडूने का होईना, गल्लीत आपण तेच खेळतो जे टीव्हीवर बघतो. पूलमध्ये ही फारकत कधी पडली आणि कुणी पाडली, त्याचा हा मागोवा.

आधी नियम, थोडक्यात. एट-बॉलमध्ये १ ते ७ हे भरीव रंगाचे आणि ९ ते १५ हे पट्ट्याचे चेंडू. ब्रेकनंतर जो गट वाट्याला येईल तो हव्या त्या क्रमाने घ्यायचा. सगळ्यात शेवटी ८ नंबरचा काळा, तोही पॉकेट आधी सांगून. नाइन-बॉलमध्ये चेंडू नऊच, मांडणी शंकरपाळी. टेबलावर जो सगळ्यात लहान नंबर असेल त्याला पांढरा आधी लागला पाहिजे. मग आत काहीही जावो. ९ नंबर ज्याच्या हातून पडला, तो जिंकला. म्हणजे १ नंबरला मारलं आणि तो जाऊन ९ वर आदळला, ९ पॉकेटात गेला, तरी खेळ खलास. ब्रेकमध्येच गेला तरी खलास. आधीचे आठच्या आठ चेंडू एकाने घेतले आणि शेवटचा ९ हुकला, तर ते आठ कुणी विचारत नाही.

दोघांचा आजा एकच. १८७० च्या सुमारास अमेरिकेत १ ते १५ नंबरांच्या चेंडूंचा एक खेळ रूढ झाला होता. जितका चेंडूचा नंबर तितके गुण. पंधरा नंबरांची बेरीज १२०, म्हणून निम्म्याच्या पुढे एक, ६१ गुण, ज्याचे आधी होतील तो विजयी. खानदेशातल्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. गल्लीतला पॉइंटचा कॅरम याच हिशेबाचा: काळी १०, पांढरी २०, राणी ५०, एकूण ३२०. दोघंच खेळत असतील तर १७० झाले की डाव खिशात. (पलीकडच्या गल्लीत काळी ५, पांढरी १०, राणी २५ असते, आणि पाहुणा खेळाडू आला की पहिला अर्धा तास या भांडणातच जातो.)

या खेळातली खोट तिथल्या पट्टीच्या खेळाडूंना लवकरच खटकली. १५ नंबरचा चेंडू २ नंबरच्या चेंडूपेक्षा घ्यायला अवघड थोडाच असतो? मग त्याला तेरा गुण जास्त का? १८८० चं दशक संपता संपता मोठ्या सामन्यांत नंबर मोजणं बंद झालं आणि चेंडू मोजणं सुरू झालं. कुठलाही चेंडू घ्या, एक गुण. १९१० मध्ये जेरोम किओ याने त्यावर आणखी एक युक्ती काढली. चौदा चेंडू संपले की पंधरावा टेबलावर तसाच ठेवायचा, चौदांचा त्रिकोण पुन्हा लावायचा आणि त्या पंधराव्याला घेता घेता पांढऱ्याने नवा त्रिकोण फोडायचा. हा स्ट्रेट पूल. पुढची काही दशकं अजिंक्यपदाचा खेळ हाच होता. विली मोस्कोनी १९५४ मध्ये ओहायोतल्या स्प्रिंगफील्डमध्ये एका पाळीत ५२६ चेंडू घेऊन गेला. कौशल्य म्हणून हे थक्क करणारं आहे. पण त्या ५२६ चेंडूंच्या वेळी समोरचा खेळाडू खुर्चीवर बसून होता, आणि बघणाऱ्यांची स्थिती त्याच्यापेक्षा फार वेगळी नसणार. बिलियर्ड्सलाही याच रोगाने ग्रासलं. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्सचं विजेतेपद मिळवलं आणि भारताला पहिला जगज्जेता मिळाला, पण तासन्‌तास चालणाऱ्या त्या पाळ्या बघायला किती लोक बसले असते?

स्ट्रेट पूल सिंहासनावर होता तेव्हाच खाली दोन धाकटी भावंडं वाढत होती.

थोरलं एट-बॉल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेबलं बनवणाऱ्या ब्रन्सविक-बाल्के-कोलेंडर कंपनीने ते बाजारात आणलं, कंपनीच्याच नावाने. त्याची नोंद १९०८ पासून मिळते. गंमत अशी की त्या वेळी त्यात नंबर नव्हते. सात पिवळे, सात लाल आणि एक काळा. इंग्लंडमधल्या पबमध्ये आजही एट-बॉल खेळतात तो लाल-पिवळ्या चेंडूंनीच. अमेरिकेने टाकून दिलेलं जुनं रूप तिकडे दिसतं. आणि आपल्याकडे? नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक लाल राणी. स्पर्धेतला कॅरम आणि एट-बॉल यांचा हाडाचा सांगाडा एकच आहे: दोन रंग, प्रत्येकाने आपला रंग संपवायचा, आणि दोघांच्या मध्ये एक अशी सोंगटी की जिची वेळ चुकली तर सगळं मुसळ केरात. फरक एवढाच की राणी शेवटच्या सोंगटीच्या आधी घेऊन कव्हर द्यावं लागतं, आणि काळा चेंडू शेवटीच घ्यावा लागतो. अधिकृत नियमपुस्तकात मात्र एट-बॉलला १९४० पर्यंत जागा मिळाली नव्हती. पोरासोरांचा खेळ म्हणून मोठ्यांनी त्याच्याकडे काणाडोळाच केला.

धाकटं नाइन-बॉल, १९२० च्या दशकातलं. नंबरांचा क्रम पाळायची जुनी रीत त्याने उचलली आणि पंधराचे नऊ केले. ते वाढलं जुगाऱ्यांच्या संगतीत. डाव दोन-चार मिनिटांत संपतो, प्रत्येक डावावर नवी पैज लागते, रात्रभरात पन्नास वेळा पैसा इकडून तिकडे जातो. शिवाय लिंबूटिंबू खेळाडूलाही सवलत देऊन गळाला लावता येतं: तू ८ पाडलास तरी जिंकलास, मी मात्र ९ च पाडणार. थोडं नशीब, थोडा हात, आणि हरलेल्याला कायम वाटत राहतं की पुढचा डाव आपला. जुगाराला याहून चांगला खेळ कोणता हवा?

इथून पुढची कथा खेळाडूंपेक्षा पैशांची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या बारमध्ये नाणं टाकून चालणारी छोटी टेबलं आली. नाणं टाकलं की आतल्या पेटीतून पंधरा चेंडू गडगडत खाली येतात. एकदा पॉकेटात गेलेला चेंडू मात्र पेटीत अडकतो, दुसरं नाणं पडेपर्यंत बाहेर येत नाही. परत येतो फक्त पांढरा. तो ओळखू यावा म्हणून कधी आकाराने मोठा, कधी आतून चुंबकाचा. या पेटीने तीन खेळांचा निकाल लावून टाकला. स्ट्रेट पूल बाद, कारण चौदा चेंडू पुन्हा मांडायचे तर ते पेटीत. नाइन-बॉलही अडचणीत, कारण फाउल होऊन ९ आत गेला तर तो काढून पुन्हा टेबलावर ठेवावा लागतो. शिवाय पंधरा चेंडूंचे पैसे भरून नऊच कोण खेळणार? उरला एट-बॉल. त्यात गेलेला चेंडू गेला. चुकून गेला तरी तो बाहेर काढायची गरज नाही, आणि काळा चुकीच्या वेळी गेला तर डावच संपतो. नाण्याच्या टेबलासाठी बनवून घेतल्यासारखा खेळ. त्यात एका नाण्यात जास्तीत जास्त वेळ खेळता येतं, आणि बारमालकाचीही तक्रार नाही, कारण खेळ लांबला की गल्ल्यावर बाटल्यांचा हिशेब वाढतो. आपल्याकडची नाण्याची टेबलं मी फारशी पाहिलेली नाहीत, पण फ्रेमवर पैसे घेणाऱ्या पार्लरचा हिशेब तोच आहे. हरणाऱ्याच्या खिशातून जाणारे पैसे वसूल व्हायचे तर डाव भरगच्च हवा. दोन मिनिटांत ९ नंबर पाडून बसायला कोण पैसे मोजेल?

बघणाऱ्यांचं गणित उलटं. बघणारा टेबलाचे पैसे देत नाही. त्याच्यासाठी पैसे देतो जाहिरातदार, आणि जाहिरातदाराला सारखा सारखा निकाल हवा असतो. हा बदल सिनेमात अगदी स्वच्छ दिसतो. १९६१ च्या ‘द हसलर’मध्ये पॉल न्यूमनचा एडी फेल्सन रात्र-रात्र खेळतो तो स्ट्रेट पूल. पंचवीस वर्षांनी, १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’मध्ये तोच एडी म्हातारा होऊन टॉम क्रूझला तयार करतो, तेव्हा टेबलावर नाइन-बॉल असतो. मधल्या काळात नियमही घासूनपुसून आखूड झाले होते. पूर्वी अडचणीत सापडलेला खेळाडू पांढरा नुसता ढकलून देऊ शकायचा, आणि दोघं एकमेकांना भीत भीत डाव लांबवायचे. ‘टेक्सास एक्स्प्रेस’ पद्धतीने एकाच फाउलवर समोरच्याला पांढरा हातात मिळू लागला, टेबलावर हवा तिथे ठेवायला. एक चूक आणि बहुधा डाव गेला.

कॅमेऱ्याने तर चेंडूंचे रंगही बदलले. जुन्या संचात ४ नंबर जांभळा आणि ७ नंबर गडद तपकिरी-तांबडा असतो. पडद्यावर दोन्ही काळ्याच्या शेजारी काळेच वाटायचे. म्हणून टीव्हीच्या संचात ४ गुलाबी झाला आणि ७ फिक्या तपकिरी रंगाचा. स्नूकरने हा धडा आधीच गिरवला होता. १९६९ मध्ये बीबीसीला रंगीत प्रक्षेपणाची जाहिरात करायला काहीतरी रंगीबेरंगी हवं होतं, आणि ‘पॉट ब्लॅक’ या कार्यक्रमाने स्नूकर घराघरांत नेलं. तोच स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला होता. पावसाळ्यात अडकून पडलेल्या नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने काळ्या चेंडूच्या जुन्या खेळात आणखी रंग घातले. मुंबईहून चाळीसगाव, जळगाव, भुसावळ करत जबलपूरला जाणारी रेल्वे तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. म्हणजे स्नूकरचं जन्मगाव आमच्याच रुळांवर, पण आमच्या गल्लीबोळांत शिरला तो कॅरम. टेबलाला मोठी खोली लागते, कॅरमला दोन खुर्च्या आणि एक बल्ब पुरतो.

१९९० मध्ये जर्मनीतल्या बर्गहाइममध्ये पहिली जागतिक नाइन-बॉल स्पर्धा झाली, अर्ल स्ट्रिकलंड जिंकला. १९९४ मध्ये युरोप विरुद्ध अमेरिका असा मोस्कोनी कप सुरू झाला. नाव स्ट्रेट पूलच्या राजाचं, खेळ नाइन-बॉलचा. एट-बॉलच्या जागतिक स्पर्धेला २००४ उजाडावं लागलं, तीही संयुक्त अरब अमिरातीतल्या फुजैरामध्ये. ती जिंकली एफ्रेन रेयेस यांनी. फिलिपिन्सच्या या माणसाने १९९९ मध्ये कार्डिफला जागतिक नाइन-बॉलही जिंकलं होतं. मनिलात काकांच्या पूल हॉलमध्ये, रात्री टेबलावरच झोपून ते वाढले. त्यांच्या देशात गल्लोगल्ली खेळतात तो रोटेशन, म्हणजे नंबरांच्या क्रमाने पंधराही चेंडू घ्यायचा खेळ, त्या ६१ वाल्या आज्याचाच सख्खा वारस. त्यामुळे रेयेस यांना दोन्ही धाकट्यांची नाडी सारखीच कळत असावी.

एट-बॉलला व्यावसायिक तमाशाचा खेळ करायचा एक मोठा प्रयत्न झाला, आणि तो फसला कसा हे सांगण्यासारखं आहे. टीव्हीवर रात्री-अपरात्री लांबलचक जाहिराती करून पुस्तकं खपवणारे केव्हिन ट्रूडो यांनी २००५ मध्ये ‘इंटरनॅशनल पूल टूर’ काढली. खेळ फक्त एट-बॉल. कसलेल्यांना एट-बॉल फार सोपा जातो, ब्रेक केला की टेबल साफ करूनच उठतात, ही ओरड माहीत असल्याने त्यांनी टेबलावर मुद्दाम संथ कापड घातलं, पांढरा सहज धावू नये म्हणून. २००६ मध्ये रेनोतल्या स्पर्धेत पहिलं बक्षीस पाच लाख डॉलर होतं, पूलच्या जगात तोवर कुणी न ऐकलेलं. जिंकले पुन्हा रेयेस. पण बक्षिसं वेळेवर मिळेनात, हप्त्यांची भाषा सुरू झाली आणि टूर बसली. ट्रूडो पुढे वेगळ्याच प्रकरणात तुरुंगात गेले. लोकांनी त्यातून निष्कर्ष काढला तो हा की एट-बॉल बघायला चालत नाही. मला तो पटत नाही. रेनोत खेळ आपटलाच नव्हता, आपटला तो पैसे घालणारा. पण बाजाराला एवढी बारीक निवड करायला वेळ नसतो. २०१७ मध्ये अहमदाबादला भारतातली पहिली क्यू स्पोर्ट्सची फ्रँचायझी लीग झाली, तेव्हा आयोजकांनी निवडलं काय? नाइन-बॉल आणि सहा लाल चेंडूंचा आखूड स्नूकर.

आता मुद्द्याचं. बघायला यातला चांगला कोणता?

नवख्याला नाइन-बॉल, यात वाद नाही. पुढचा चेंडू कोणता हे टेबलच सांगतं, ३ नंतर ४, ४ नंतर ५. प्रेक्षकाला फक्त एवढंच बघायचं असतं की पांढरा कुठे येऊन थांबतो. आणि वरून नशिबाचा तडका. एट-बॉलमध्ये खेळाडू दोन मिनिटं टेबलाभोवती फिरतो तेव्हा त्याच्या डोक्यात जे चाललेलं असतं तेच खरं नाट्य, आणि ते नवख्याला दिसत नाही. समजा माझे छोटे आहेत. ६ मधल्या पॉकेटच्या तोंडाशी, २ आणि ५ मोकळे, पण ३ नंबर प्रतिस्पर्ध्याच्या १२ ला चिकटून बाजूच्या रबराशी बसलाय. हौशी खेळाडू आधी सोपे घेतो, आणि शेवटी ३ आणि काळा उरले की कपाळाला हात लावतो. जाणता खेळाडू तोंडाशी बसलेला ६ शिल्लक ठेवतो, २ घेताना पांढऱ्याने ती जोडी फोडतो, कारण फुटल्यावर पांढरा कुठेही गेला तरी ६ हाताशी आहेच. म्हणजे एट-बॉलमध्ये सोपा चेंडू न घेण्यात शहाणपण असतं. नाइन-बॉलमध्ये हा प्रश्नच येत नाही. तिथे न घेण्याची मुभा नाही.

कॅरमवर पोसलेल्या माणसाला यातलं काहीही शिकवावं लागत नाही. राणीचं कव्हर म्हणून पॉकेटच्या तोंडावरची सोंगटी राखून ठेवणं, समोरच्याची वाट आपल्या सोंगटीने अडवणं, डबल फोडायची वेळ ओळखणं, हे सगळं त्याच्या बोटांत असतं. गल्लीतल्या बोर्डाभोवती उभं राहून “भो, ती मधली काढ ना आधी!” असं ओरडणारे चौघं असतात ना, तेच एट-बॉलचे आदर्श प्रेक्षक. पुढची सोंगटी कोणती यावर वाद घालता येतो म्हणून ते तिथे उभे असतात. नाइन-बॉलभोवती त्यांची तोंडं बंद होतील.

आणि कॅरममध्येही तीच फारकत आहे, फक्त उलट्या दिशेने. गल्लीत पॉइंटचा खेळ आणि त्यातली नशिबाची राणी, तर स्पर्धेत पांढरी-काळी: २५ गुण किंवा आठ बोर्ड यांपैकी जे आधी होईल ते, तीनपैकी दोन गेम. राणीला तीनच गुण, आणि खेळाडू २२ वर पोचला की तेही नाहीत. नशीब शक्य तितकं छाटलेलं. असं का? तर इथेही पैसे कोण देतो ते बघा. कॅरमपटू आजवर जगला तो नोकरीवर: बँका, पेट्रोलियम कंपन्या, विमा, आणि आमच्या जळगावात जैन इरिगेशन. संदीप दिवे, योगेश धोंगडे यांच्यासारखी मोठी नावं त्या संघातून खेळलेली आहेत. २०१६ मध्ये बर्मिंगहॅमला जगज्जेता झालेला प्रशांत मोरे रिझर्व्ह बँकेचा. नोकरी देणाऱ्याला चांगला खेळाडू कोण हे नेमकं कळायला हवं असतं. दर चार मिनिटांनी टाळ्या पडल्या नाहीत तरी त्याचं काही अडत नाही. म्हणून कॅरमचा अधिकृत खेळ एट-बॉलच्या वळणावर राहिला, तो न्याय्य राहिला, आणि टीव्हीपासून दूरही राहिला. आता सामने यूट्यूबवर थेट दिसतात, बोर्डाच्या वर एक कॅमेरा टांगला की काम भागतं. मला तर पुष्कळदा ते नाइन-बॉलपेक्षा जास्त खिळवून ठेवतात.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत चीनने जुनं कोडं नव्या पद्धतीने सोडवलंय. तिथला एट-बॉल स्नूकरसारख्या टेबलावर खेळतात. पॉकेटची तोंडं अरुंद आणि गोलाकार, चेंडू मात्र पूलचेच मोठे. ब्रेक करून सगळं साफ करणं कसलेल्यालाही जड जातं. ट्रूडोंनी संथ कापडाने जे साधायचं ठरवलं होतं ते या पॉकेटांनी साधलं, आणि बक्षिसांचा पैसाही तिकडे वळला. टीव्हीला एट-बॉल चालत नाही असं आता कुणी म्हणू नये.

उद्या जळगावात किंवा धुळ्यात कुणी पूलची खुली स्पर्धा भरवणार असेल तर माझी मागणी सोपी आहे. खेळ एट-बॉल ठेवा, पाच फ्रेम आधी जिंकेल तो पुढे. टेबलाच्या बरोबर वर एक कॅमेरा आणि बाहेर एक पडदा लावा, म्हणजे ‘आधी कोणता’ यावर बाहेरच्यांना मनसोक्त भांडता येईल. शॉटला तीस सेकंदांचं घड्याळ हवंच, नाहीतर आमच्याकडचे लोक काळ्यापाशी येऊन विचार करत बसतात. आणि टेबलाचे पैसे आयोजकांनी भरावेत. ते हरणाऱ्याच्या खिशातून जाणार असतील तर पाचवी फ्रेम कुणीच लवकर संपवणार नाही.